पालथी कळशी

मोरीत नळाखाली कळशी अजून पालथीच असते. आता ती मी ठेवतो.

नळ नगरपालिकेचा होता तेव्हा पाणी कधी येईल त्याचा नेम नव्हता. बायको नळ उघडा टाकून झोपायची आणि खाली कळशी पालथी घालायची. पाणी आलं की कळशी वाजायची. मग ही उठायची आणि पाणी सोडणाऱ्या माणसाला शिव्या घालत सगळं घर भरायची. "मेल्याला आमचीच गल्ली दिसत नाही," म्हणायची.

ती गेली आणि मागोमाग नळ खाजगी कंपनीकडे गेला. आता मीटर बसलंय, पाणी दिवसभर असतं. वाट बघायची नाही, शिवी द्यायलाही कोणी नाही. सरकारचं बरं की कंपनीचं, मला विचारू नका. पाणी तेव्हाही आपलं नव्हतं, आताही नाही. सुख आलं ते तिला मिळालं नाही, एवढंच मला कळतं.

आज पहाटे मी नळ सोडला. कळशी वाजायला लागली.

आतून सून ओरडली, "अण्णा, नळ चालू राहिलाय! मीटर पळतंय!"

"पळू दे गं," मी म्हटलं. "जरा वाजू दे."

जिनं उठायचं ती काही उठली नाही. मग मी नळ बंद केला.