छातीवर चोवीस तास

लोकांनी मला ‘गडी तर चांगला दिसतोय की’ म्हणणं बंद करावं, एवढंच माझं आता मागणं आहे. पाय मोडला असता तर प्लास्टर दिसलं असतं. ताप असता तर कपाळाला हात लावून कळला असता. माझं दुखणं पडलं छातीच्या आत, आणि वरून मी धडधाकट. भेटायला येणारे बिस्किटाचा पुडा माझ्या बायकोच्या हातात देतात, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळतात आणि मग त्यांच्या पाव्हण्यातला कुणी चहा पिता पिता कसा गेला ते रंगवून सांगतात. मला धीर द्यायला आलेल्या माणसांनी माझ्याच ओट्यावर बसून आजवर दहा-बारा जण तरी मारले असतील.

खरं म्हणजे हृदय थकलंय. बीडच्या डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं तेव्हा माझ्यासारख्यालाही कळलं. हलत होतं, पण मालक बांधावर नसताना रोजगारी खुरपं हलवतो तसं. त्यात ठोके चुकतात. विहिरीचं पाणी तळाला गेलं की मोटार मधेच हवा ओढते, पाइप गचका खातो आणि मग एकदम पाणी उसळतं, तसं काहीसं. दोन ठोके सरळ, तिसरा घाईघाईनं आधीच, मग रिकामं, आणि मग गळ्यापर्यंत येणारा दणका. त्या रिकाम्यात दर वेळी वाटतं, झालं, संपलं. आणि होत काहीच नाही. दिवसातून कितीदा तरी मरणाची तयारी करायची आणि पुन्हा भाकरीला बसायचं, याचा वैताग ज्याचा त्यालाच ठाऊक.

सकाळची एक गोळी अंगातलं पाणी काढते. ती घेऊन एसटीत बसलं की पाटोदा ते बीड जीव मुठीत. मीठ तोडलंय, पाणी तांब्यानं मोजून. बायको माझ्याकडं पाठ करून ठेचा खाते. तिला वाटतं, मला वास येत नाही.

हेही सोसलं असतं. भांडण पेटलं ते शेळ्यांवरून.

बावीस शेळ्या आहेत. आहेत म्हणतोय, होत्या. आधी बाप राखायचा, मग मी. शेती कोरडवाहू, ती मुलगा बघतो. माळ आणि शेळ्या माझ्या. बीडहून आलो तसा मुलगा म्हणाला, “आबा, इकून टाका. माळावर पडलात तर कुणाला कळायचं बी न्हाई.” त्याचं चुकत नव्हतं, म्हणूनच मला जास्त राग आला. शेळ्या गेल्यावर मी दिवसभर करायचं काय? मेलेल्या माणसांच्या गोष्टी ऐकायच्या? दोन दिवस घरात तेच भांडण. शेवटी ठरलं, डॉक्टर सांगतील ते दोघांनीही मानायचं.

डॉक्टरांनी छातीवरचे केस काढून पाच-सहा वायरी चिकटवल्या आणि कमरेला एक डबी अडकवली. म्हणाले, “हे मशीन चोवीस तास अंगावर ठेवायचं. रोज करता ती सगळी कामं करा. धडधडलं की हे बटण दाबा आणि वेळ लिहून ठेवा. ठोके किती चुकतात ते बघू, मग शेळ्यांचं ठरवू.”

इथं आमची खोड आडवी आली. आमच्याकडं जनावर बाजारात न्यायचं म्हणजे आदल्या दिवसापासून तयारी. धुवायचं, शिंगांना तेल लावायचं, सकाळी मीठ घालून पाणी पाजायचं, म्हणजे पोट गच्च दिसतं. जनावरांचे डॉक्टर गावात येणार असले तरी लंगडी शेळी मागं आणि धट्टी पुढं. तपासणी म्हणजे चांगलं तेवढं दाखवायचं, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. डॉक्टर काय म्हणाले ते मी, बायको आणि मुलगा, आम्ही तिघांनीही ऐकलं होतं, आणि गावाच्या फाट्यावर उतरेपर्यंत तिघांनीही त्याचा अर्थ एकच लावला होता: परीक्षा आहे, पास व्हायचं.

मुलाला शेळ्या विकायच्या होत्या खऱ्या, पण बापाचा रिपोर्ट वाईट यावा असं कुठल्या मुलाला वाटेल? तो स्वतः शेळ्या घेऊन गेला. बायकोनं दार ओढून घेतलं, भेटायला आलेल्यांना ओट्यावरूनच परत पाठवलं. मी बाजेवर आडवा. चहा नाही, बोलणं नाही, कुशीसुद्धा हळू बदलायची. तरी ठोके येत होतेच. एकदा बटणाकडं हात गेला तर बायको म्हणाली, “नगा दाबू. लई येळा दाबलं तर नापास करत्याल.” मी हात मागं घेतला. आले ते ठोके गिळून टाकले.

रिपोर्ट झकास आला. “चुकतात, पण फार नाहीत. सावकाश फिरायला हरकत नाही,” डॉक्टर म्हणाले. मुलानं शब्द पाळला, एक अक्षर बोलला नाही. दुसऱ्या दिवशी आकडी खांद्यावर टाकून मी असा निघालो की जसं काही निवडणूकच जिंकलो. आकडी म्हणजे लांब काठीला बांधलेला विळा. तिनं बाभळीची फांदी ओढली की शेळ्या धावत येतात.

आठ दिवस गेले. नवव्या दिवशी चढावर फांदी ओढायला हात वर केले आणि ठोके असे सुटले की मोजता येईनात. डोळ्यांपुढं अंधार आला. बसलो कसा ते आठवत नाही. शेळ्या वाट बघून कंटाळल्या आणि खालच्या तुरीत शिरल्या.

तुरीचा मालक माझ्याच वयाचा, शाळेपासूनचा वैरी. “कुठं मेलास रे? सगळी तूर खाल्ली की!” असं ओरडत काठी घेऊन वर आला आणि मला बघून थांबला. काठी टाकली. टॉवेलानं मला वारा घालायला लागला. मी तुरीचं काहीतरी बोलायला गेलो तर म्हणाला, “ऱ्हाऊ दे. तुरीचं काय न्हाई.” या माणसानं उभ्या जन्मात कुणाला एक शेंग सोडली नाही. त्यानं आईबापावरून शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यानं मला मोटरसायकलवर बसवून घरी आणलं आणि जाताना दारातून बायकोशी हळूच बोलला. हळू! तेव्हा मला माझी कीव आली आणि त्याचा संताप आला.

पुन्हा बीड. डॉक्टरांनी छातीची नवी पट्टी काढली आणि ती मशीनच्या रिपोर्टशेजारी ठेवली. “मशीन लावलं त्या दिवशी काय काय केलं?”

बायकोच अभिमानानं म्हणाली, “हात बी हलू दिला न्हाई, सायेब. दिसभर बाजंवर.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “म्हणजे मशीननं तुमची बाज तपासली. यांना नाही.”

मुलगा माझ्याकडं बघत होता. मी भिंतीकडं.

दुसऱ्यांदा मशीन लावलं तेव्हा बायको म्हणाली, मीही माळावर येणार. तिचे गुडघे दुखतात, चौथीपर्यंत शिकलेली, पण कॅलेंडरचं जुनं पान आणि पेन्सिल घेऊन निघाली. मी बटण दाबायचं, तिनं माझ्या घड्याळात बघून वेळ लिहायची, असं ठरलं. पहिल्या चढावर दाबलं. तिनं लिहिलं. फांदी ओढताना दाबलं. लिहिलं. मग तिला माझा चेहरा वाचता यायला लागला. मी बोलता बोलता थांबलो की ती विचारायची, “आता?” मला चीड यायची. छाती माझी, आणि पहारा हिचा. “हां, आता,” मी खेकसायचो आणि दाबायचो.

दुपारपर्यंत पानाची एक बाजू भरली. तिनं पान उलटलं, पण लिहिलं नाही. ते तसंच मांडीवर घेऊन बसली.

“रोज येवढ्या येळा हुतं?”

“रोज.”

“आन् मला कावून न्हाई सांगितलं?”

सांगितलं असतं तर शेळ्या गेल्या असत्या. तिला ते कळलं असावं, कारण तिनं पुन्हा विचारलं नाही. पेन्सिल उचलली आणि पुढच्या वेळा खाली खाली लिहायला लागली. अक्षर बिघडत गेलं होतं.

डॉक्टरांकडं डबी परत द्यायच्या आधीच, त्याच संध्याकाळी मी मुलाला म्हणालो, “येत्या बाजारी घिऊन जा.” त्यानं ते पान दोन्ही बाजूंनी वाचलं. इतके दिवस विका विका म्हणणारा तो, म्हणाला, “आबा, दोन-तीन ठिवू. दारात बांधू.”

“न्हाई. ठिवल्या तर मी त्यास्नी घिऊन माळावर जाईन.”

डॉक्टरांनी नंतर तेच सांगितलं. चढ बंद, आकडी बंद, गोळी एक वाढली. ठोके चुकायचे ते चुकतातच. मनात घोळतं ते एवढंच, की खोटं दाखवलं तेव्हा शेळ्या राहिल्या आणि खरं दाखवलं तेव्हा गेल्या. समजूत घालणारे म्हणतात, जीव तर वाचला. त्यांना काय जातंय म्हणायला! दावणीच्या जागी आता सरपण रचलंय.

मी ओट्यावर बसलेला असतो. कुणाशी बोलता बोलता मधेच थांबतो. आतून, चुलीपुढून, हातातली भाकरी न थांबवता बायको विचारते, “आता?”

आता कमरेला डबी नाही की दाबायला बटण नाही. तरी मी दर वेळी चिडतो, आणि दर वेळी सांगतो, “हां. आता.”