मागच्या पंगतीचा पेंग्विन

माझ्या बायकोच्या मावशीइतकं स्तब्ध बसणारं माणूस अख्ख्या टेक्सस राज्यात दुसरं सापडायचं नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्या फ्रिस्कोच्या घरी गेलो ती ऑगस्टमधली दुपार होती. बाहेर एकशे चार डिग्री ऊन रणरणत होतं आणि मावशी मागच्या अंगणात हिरवळीवर पाय पसरून, हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. अंगात गळ्यापर्यंत चेन ओढलेला, बर्फात घालायचा जाड लाल पार्का, पायात गुडघ्यापर्यंतचे गमबूट. मला वाटलं, बाईंना काहीतरी झालं. काकांनी, म्हणजे मावशींच्या यजमानांनी, लॅपटॉपमधून डोकं वर न काढता सांगितलं की अजून अकरा मिनिटं आहेत, तोवर तुम्ही चहा घ्या. शेजारच्या अमेरिकन आजीबाईंनी सुरुवातीला घाबरून दोनदा पोलिसांना फोन केला होता म्हणे. दुसऱ्या खेपेला आलेल्या पोलिसाला मावशींनी बसल्या जागेवरून, मान न हलवता, सगळा विषय समजावून सांगितला, आणि तो बिचारा जाताना ग्लासभर ताक पिऊन गेला.

विषय होता पेंग्विन. आता जन्म सोलापूरचा, संसार फ्रिस्कोचा. दोन्हीकडे टाळू तापायचीच. बर्फ बाईंनी पाहिला तो बहुतेक फ्रीजमधलाच. पण २००२ साली आमच्या इकडच्या मराठी मंडळाच्या गणपतीची आरास करायचं काम मावशींकडे आलं आणि घोटाळा झाला. त्यांनी थर्माकोलचे डोंगर केले, त्यावर कापूस अंथरला, कापसावर काळेपांढरे सतरा पेंग्विन मांडले आणि बाप्पाच्या उजव्या हाताला, शोभेला म्हणून, एक मोठं पांढरं अस्वल उभं केलं. सगळ्यांनी वाहवा केली. आरतीला ताम्हन हातात घेतलेलं असताना कुणाच्या तरी आठ वर्षांच्या मुलीने मावशींचा पदर ओढला आणि म्हणाली, "आंटी, दे डोन्ट लिव्ह टुगेदर." अस्वल उत्तर ध्रुवाचं, पेंग्विन दक्षिणेकडचे, पृथ्वीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांची गाठ पडायची नाही. मावशी शाळेत भूगोलात पहिल्या यायच्या. उरलेली आरती त्यांनी कशीबशी म्हटली, मग अस्वल उचलून प्रसादाच्या टेबलाखाली ढकललं, आणि दुसऱ्या दिवशी पब्लिक लायब्ररीचं दार उघडायच्या आधी तिथे जाऊन उभ्या राहिल्या. त्या दिवसापासून जे वेड लागलं ते लागलंच.

दक्षिण अटलांटिकमध्ये कुठली बेटं आहेत, तिथे बोटी कधी जातात, कुठल्या किनाऱ्यावर कोण अंडी घालतं, हे सगळं त्यांना आपल्या वाण्याच्या यादीसारखं पाठ झालं. पण या सगळ्यात त्यांच्या मनात घर केलं ते एका नियमाने. त्या बेटांवर उतरलेल्या माणसाने पेंग्विनच्या पाच मीटरच्या आत जायचं नाही. मात्र आपण गप्प बसलो आणि तो आपणहून जवळ आला, तर हरकत नाही. पाच मीटर म्हणजे नेमके किती, हे पाहायला मावशींनी हिरवळीवर पाचवारी साडी अंथरली आणि पुढे एक हात मोजला. तेवढ्या अंतराच्या पलीकडे एक पेंग्विन आहे असं धरून त्या रोज पाऊण तास बसत. आयुष्यात एकदा एक पेंग्विन आपणहून माझ्याजवळ यावा, बाकी मला काही नको, असं त्या सांगत. सोन्याच्या पाटल्या मागणारी बायको परवडली, असं काका म्हणत.

हा 'आपणहून' पुढे घरभर पसरला. मुलगा शिकायला दूर न्यू जर्सीकडे गेला आणि आठ-आठ दिवस फोन करेना, तेव्हा काकांनी फोन उचलला की मावशी तो हातातून काढून घेत. आपण जवळ जायचं नाही, तो आपणहून आला पाहिजे. मग रविवारी सकाळी फोनपासून साधारण साडीभर अंतरावर खुर्ची टाकून त्या भाजी निवडत बसत. फोन वाजला तर लगेच झडप घालत नसत, दोन रिंग होऊ देत. वाजला नाही तर भाजी फार बारीक चिरली जाई. शेजारचं मांजर, मंडळाची अध्यक्षीण, नवीन सून होऊ घातलेली मुलगी, सगळ्यांना एकच नियम.

आणि ग्रीन कार्डालाही तोच. खरी गोम तिथे होती. काकांच्या कंपनीने अर्ज केलेला, वर्षांमागून वर्षं फाईल कुठे तरी पडून, आणि वकिलाने बजावलेलं की अगदी गरज असल्याशिवाय देशाबाहेर पाऊल टाकू नका, परत येताना काय होईल याची खात्री मी देणार नाही. पेंग्विन ही गरज आहे का, असं मावशींनी त्या वकिलाला विचारून पाहिलं होतं. त्याने फीच्या हिशेबात बसणार नाही इतका वेळ विचार केला आणि नाही म्हणाला. तेव्हा मावशींनी दुसऱ्यांना पाठवायला सुरुवात केली. ज्यांची कार्डं आली होती, ज्यांना हवाईला किंवा फार तर अलास्काला जाऊन गप्प घरी यायचं होतं, अशा भल्या माणसांना धरून त्या दक्षिणेला रवाना करत. बरोबर लोकरीचे मोजे, बोट लागू नये म्हणून आलेपाक आणि चाळीस प्रश्नांची यादी. एक नागपूरचं डॉक्टर जोडपं तर हनीमूनला गेलं आणि वाऱ्यामुळे चार दिवस एका ओसाड बेटावर अडकलं. परत आल्यावर ते दोघं महिनाभर मावशींशी बोलत नव्हते. मावशी मात्र सगळ्यांना सांगत होत्या की काय नशीब घेऊन आलीत पोरं. मग या लोकांच्या फोटोंचा स्लाइड शो मंडळात व्हायचा. न पाहिलेल्या किनाऱ्यावरचा एकेक धोंडा मावशी अशा दाखवत की ज्यांनी फोटो काढले तेही पुढे सरकून बघत.

मी त्यांचा जावई, आणि ही गोष्ट त्या मला क्षणभरही विसरू देत नसत. घरात सहा खुर्च्यांचं टेबल, जेवणारे आम्ही चौघं, तरी मला आधी बसवायचं, माझं पान आधी वाढायचं, आणि स्वतः सगळ्यांचं झाल्यावर. अहो मावशी, बसा ना, तीन खुर्च्या रिकाम्या आहेत, असं मी प्रत्येक वेळी म्हणायचो. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "जावयाचं पान आधी. मी आहे मागच्या पंगतीला." त्या मागच्या पंगतीत पुरणपोळी बहुधा एकच उरलेली असायची, आणि ती कडेने फाटलेली.

२००७च्या उन्हाळ्यात शेवटी कार्ड आलं. माझं मात्र दोन वर्षं आधीच आलं होतं, कसं आलं ते मलाही कळलं नाही, मी काही फारशी वाट पाहिली नव्हती. मावशींनी कार्ड देवापुढे ठेवलं, हळदकुंकू वाहिलं आणि त्याच दिवशी डिसेंबरच्या बोटीचं बुकिंग केलं. काकांना बाथटबमध्ये उतरतानासुद्धा कठडा धरावा लागतो, त्यामुळे ते यायचा प्रश्न नव्हता. माझ्या बायकोला नवी नोकरी लागलेली. माझ्या सुट्ट्या वर्षाअखेर बुडणार होत्या. असा मी, ज्याला कोंबडी आणि पेंग्विन यांतला फरक ताटात आल्यावरच कळला असता, सोबत म्हणून निघालो.

बोटीवर नव्वद अमेरिकन आणि आम्ही दोघं. तिथल्या बुफेतही मावशी आधी माझी प्लेट वाढून आणत, वर पर्समधल्या बाटलीतलं लिंबाचं लोणचं घालत आणि मग रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहत. एका निवृत्त प्राध्यापकाने मला बाजूला घेऊन विचारलं की तुम्ही कुठल्या राजघराण्यातले आहात का. मी नाही म्हटलं, पण ते त्याला पटलेलं दिसलं नाही.

तीन किनाऱ्यांवर उतरायचं होतं. पहिले दोन वाऱ्यामुळे हुकले. मावशी डेकवर कठडा धरून त्या किनाऱ्यांकडे बघत उभ्या राहिल्या. तिसऱ्या दिवशी वारा पडला आणि गाइड मुलीने सांगितलं की दीड तास मिळेल, शिटी वाजली की निघायचं, पुन्हा उतरणं होणार नाही. छोट्या रबरी बोटीतून उतरताना मावशींनी वाकून आधी वाळूला हात लावून नमस्कार केला. समोर हजारो पेंग्विन. वास इतका की मी रुमाल काढला. मावशींनी एक जागा निवडली, पाय पसरले, हात मांडीवर ठेवले, आणि त्या बसल्या. अंगणातल्या पाच वर्षांच्या तालमीचा तो मुख्य प्रयोग होता. मी त्यांच्यापासून थोडा दूर एका दगडापाशी टेकलो आणि जांभई दिली.

तासभर काही नाही. माझा डोळा लागत होता, तेवढ्यात गमबुटावर काहीतरी टकटक झालं. पाहतो तो एक पेंग्विन. त्याने माझ्या बुटाची नीट तपासणी केली, इकडेतिकडे पाहिलं, आणि पोट टेकून, माझ्या पावलाला टेकून चक्क झोपला. मी मावशींकडे पाहिलं. त्या साडीभर आणि वर दोन हात अंतरावर होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं.

मी हळूच म्हणालो, मावशी, तुम्ही इकडे सरका. त्यांनी मान हलवली नाही, फक्त ओठ हलले. पाच मीटरच्या आत कसं यायचं? मग हसल्या आणि म्हणाल्या, "असू दे हो. जावयाचं पान आधी. मी आहे मागच्या पंगतीला."

हसल्या, पण त्यांचे डोळे भरले होते आणि ते पुसायला त्यांनी हात उचलला नाही. मला माझाच राग आला. अहो, मी इथे कशाला आलो होतो? बुडणाऱ्या सुट्ट्या वाचवायला. आणि फाटकी पोळी पुन्हा त्यांच्याच वाट्याला. तिकडे गाइड मुलीने दोन्ही पंजे दाखवले, दहा मिनिटं राहिली. मागची पंगत बसायची लक्षणं दिसेनात.

तेव्हा मी बुटाच्या आत अंगठा हलवला. अगदी थोडा. पेंग्विन दचकून जागा झाला, उठला, माझ्याकडे अपमान झाल्यासारखं पाहिलं आणि वळला तो नेमका मावशींच्या दिशेने. एक पाऊल, दुसरं, तिसरं, चौथं. मग थांबला. मावशी श्वाससुद्धा घेत नव्हत्या. कॅमेरा त्यांच्या मांडीवरच होता, पण त्यांनी त्याला हात लावला नाही, कारण हात हलला असता. पेंग्विनने त्यांच्याकडे मान तिरकी करून पाहिलं, पंख झटकले, आणि तो समुद्राकडे निघून गेला. शिटी वाजली.

 परतीच्या बोटीत माझ्या बाहीला हात लावून त्या म्हणाल्या, "बघितलंत ना जावईबापू? चार पावलं आला माझ्याकडे. आपणहून आला." मी हो म्हणालो.

पेंग्विनची चार पावलं म्हणजे जेमतेम दीड हात. पण पुढच्या वर्षी गणपतीत मंडळाच्या स्लाइड शोमध्ये त्या चार पावलांना पंचवीस मिनिटं लागली. त्या पावलांचा फोटो नव्हताच. होता तो माझ्या बुटाशी झोपलेल्या पेंग्विनचा, गाइड मुलीने काढलेला. तो पडद्यावर आला की मावशी आधी माझं कौतुक करत. जावई दगडासारखे बसले होते, हे काही शिकवून येत नाही, एकेकाचा पिंडच असतो. मग पडद्याजवळ जाऊन बोटाने मोकळ्या वाळूवर एकेक पाऊल दाखवत. हे पहिलं. हे दुसरं. इथे थांबला होता. त्या वर्षीच्या आरासीत अस्वल नव्हतं, आणि अस्वलाची चूक काढणारी ती मुलगी, आता चौदा वर्षांची, पहिल्या रांगेत बसून ऐकत होती.

आता मावशींचे गुडघे गेले आहेत. डॉक्टरने बोटीत चढायला-उतरायला मनाई केली आहे. अंगणातलं बसणंही बंद झालं, पण रविवारी सकाळची फोनसमोरची खुर्ची आहे तिथेच आहे. मी गेलो की पहिलं पान माझंच असतं, पण हल्ली मी हटून बसतो आणि त्या शेजारी बसेपर्यंत घास घेत नाही. त्या विचारतात की हे काय नवीन. मी आपला सांगतो, बोटीवरची सवय. मग वरणभात कालवता कालवता त्या हमखास तिथेच येतात, की हजारो माणसं जातात, सगळ्यांकडे येतो असं नाही, पण माझ्याकडे आला, चार पावलं का होईना, कुणी बोलावलं नव्हतं. मी मान डोलावतो, आणि टेबलाखाली माझ्या उजव्या पायाचा अंगठा मी घट्ट दाबून धरलेला असतो.