बाळगुटीची सहाण

"सायेब, माझी सहाण गेली! आधी नाकाबंदी लावा, मग च्या प्या!"

ती घटना आठवली की आजही कानांत दडे बसतात. कोल्हापुरातल्या आमच्या ठाण्यात सकाळची हजेरी चालू होती. साठीची ती बाई अशी ओरडत होती, की कोठडीतले दोन आरोपी आपणहून ताठ उभे राहिले.

तिची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आदल्या दिवशी नातीचं बारसं झालं आणि बाळगुटी उगाळायची दगडी सहाण गायब! वेखंड, हळकुंड, जायफळ उगाळून तिनं त्याच दगडावर पाच लेकरं वाढवली होती.

"दुसऱ्या दगडावर गुटी न्हाय उगाळणार. पोरगी सकाळधरनं रडतीया!"

ठाणे अंमलदार हसला. मी हसलो नाही. घरातल्या सोन्याला हात न लावता दगड नेणारा चोर पाहुण्यांतलाच असणार. मी तपास पथक काढलं. पथक म्हणजे मी आणि एक महिला हवालदार; पण आवेश दरोड्याच्या तपासाचा!

खबर दिली गल्लीच्या तोंडावरच्या रिक्षावाल्यानं. "काल कोडोलीच्या विहीणबाईंना स्टँडवर सोडाय गेलतो. पिशवी उचलली आन् कमरंत उसणच भरली की! काय हाय म्हणून इचारलं, तर म्हणल्या, बारशाचं लाडू."

लाडू! तिथल्या ठाण्याला कळवून जीप सोडली, ती अशी की समोरच्या म्हशींनी आपणहून रस्ता दिला.

"या पावणं," विहीणबाई दारातच म्हणाल्या. "चोरी? आमच्यात? घ्या की घराची झडती!"

माझ्यापुढं भलेभले पंधरा मिनिटांत बोलते होत. या बाईंनी तासभर माझीच उलटतपासणी घेतली. पगार किती, पोरी किती, जावई कुठला. घरझडतीत काही मिळालं नाही; देवघराला तेवढा आम्ही हात लावला नव्हता.

निघताना देवघरापुढं हात जोडले आणि नाकात वेखंड शिरलं. देवांच्या पायाशी सहाण, वर ताजं हळद-कुंकू! चोरीच्या मालाची पूजा करणारा आरोपी मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. लेकराच्या गुटीचा दगड; खाटेखाली सारायला त्यांचा हात धजला नव्हता.

"मावशी, देवाला चंदन उगाळत्यात. वेखंड कशाला? देवाच्या पोटात दुखतंय व्हय?"

बाईंनी देवाला हात जोडले आणि सहाण उचलून माझ्यापुढं ठेवली.

गुन्हा दाखल केला असता, तर ती लेक सासरी कोणत्या तोंडानं गेली असती? म्हणून फिर्यादीला फोन लावला. तिनं तक्रार मागं घेतली, मी स्टेशन डायरीला नोंद केली आणि मुद्देमालासकट विहीणबाईंना जीपमध्ये घेतलं. चोरानं काय नेलं हे आम्ही पंचनाम्यात लिहितो; त्याला काय हवं होतं, तो रकाना नसतो. पुढं प्रत्येक तपासात मी तेही विचारू लागलो. त्या दिवशी मात्र मला सुचलं नाही. विचारलं ते फिर्यादीनं, जीप कोल्हापुरात पोचताच, आपल्या दारातच, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं.

"अवो विहीणबाई, कोडोलीत दगडं मिळत न्हाईत काय?"

"सहाण न्हेली तर मागनं नात बी येईल, म्हटलं," विहीणबाई म्हणाल्या. "बारशाला पोर कुणी माझ्या हातात दिली न्हाय."