एका बाहीचा स्वेटर

"वाऱ्यालाबी जागा ठेवावी की, ताई!" असं मावशी म्हणायची आणि स्वतःच आधी हसायची. क्रोशाच्या विणीतल्या भोकांवर कुणी काही बोललं की हे तिचं ठरलेलं उत्तर. हसता हसताही हातातली ती आकड्याची एकुलती एक सुई काही थांबायची नाही.

जुन्नरच्या बाजारपेठेतल्या एका बोळात तिचं साड्यांना फॉल-पिको करायचं दुकान होतं. दुकान कसलं, एक मशीन आणि एक स्टूल. लाइट गेली की मशीन बंद आणि क्रोशा सुरू. आणि आमच्याकडे लाइट काय, रोजच जाते. तुमच्याही गावात अशी एखादी बाई असेल बघा, जिला हात रिकामा राहिला की आजारी पडल्यासारखं वाटतं. सगळे तिला मावशी म्हणत, तिच्याहून मोठ्या बायकासुद्धा.

दर गुरुवारी दुपारी आम्ही काही जणी बाईंच्या घरी विणायला जमतो. बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. घर त्यांचं आणि शिस्तही त्यांचीच. थंडीच्या आधी आणे गावाच्या पठारावरच्या शाळेत मुलांना स्वेटर वाटायचे, हे आमचं काम. मावशी मूळची आण्याची, त्याच शाळेत शिकलेली. मीच तिला म्हटलं, चल की आमच्यात.

ती आली आणि पिशवीतून क्रोशा काढला. झालं! बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. क्रोशा म्हणजे दाराची तोरणं आणि टीव्हीवरचे रुमाल. खरं विणकाम म्हणजे दोन सुया, सुलट-उलट. हे कुणी ठरवलं देव जाणे, पण आमच्याकडे ते ठरलेलं होतं.

तिनं पहिला स्वेटर आणला तो निळा, घट्ट विणीचा. बाईंनी तो खिडकीसमोर धरला.

"उजेड दिसतोय, मावशी. आण्याला थंडी केवढी! पोरं कुडकुडतील."

"वाऱ्यालाबी..." मावशीनं सुरुवात केली, पण कुणी हसलं नाही. तिनं स्वेटर घडी घालून पिशवीत ठेवला. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "बाई, आपल्या विणीतूनही दिसतो उजेड, धरून तर बघा." बाईंनी धरला नाही. तो निळा स्वेटर मावशीनं पुढे भाचीच्या पोराला देऊन टाकला.

मला वाटलं, संपलं. पण ती पुढच्या गुरुवारी हजर! सगळ्यांना चहा करायची, लोकरीचे गुंडे करून द्यायची आणि कोपऱ्यात बसून आपला क्रोशा करायची. एकदा घरी परतताना मला म्हणाली, "ताई, मला मानपान काय नको. माजा एक स्वेटर त्या गठ्ठ्यात जाऊंद्या. माज्या शाळंतल्या पोराच्या अंगावर माजं काम दिसू द्या." एवढंच मागणं हो तिचं.

मग तिला पोटाचं दुखणं लागलं. नारायणगावला दवाखान्यात ठेवलं. तिथेही उशीखाली लाल लोकर! बाई माझ्याबरोबर भेटायला आल्या. मावशीच्या हातांच्या काड्या झाल्या होत्या आणि सुई चाललेलीच. बाईंनी स्टूल खाटेजवळ ओढलं. म्हणाल्या, "मावशी, चुकलंच आमचं. यंदा तुमचा स्वेटर गठ्ठ्यात, सगळ्यात वर."

"खरं का काय!" मावशीला हसू आवरेना. "आता लवकर करती. लई न्हाई, एक बाहीच ऱ्हायलीय."

ती बाही राहिलीच.

आमच्या मंडळाचा एक रिवाज आहे. एखादीचं काम अर्धं राहिलं तर बाकीच्यांनी ते पुरं करायचं. मावशी गेली तेव्हा मी मुलीच्या बाळंतपणासाठी नाशिकला होते. परतले ती थेट आण्याला जायच्या दिवशी. घाट चढताना गाडीत बाईंनी गठ्ठ्यावरचा लाल स्वेटर माझ्या मांडीवर ठेवला. दोन सुयांचा, पुढे वेणीची नक्षी, दृष्ट लागेल असा.

"आमच्यात कुणाला येतो क्रोशा? मग उसवला सगळा. टोक ओढलं की भराभरा सुटत गेला. त्याच लोकरीचा नवा विणला, मी एकटीनं. रडत रडत विणलाय गं."

खरंच रडल्या असणार, डोळे अजून सुजलेले होते. मी स्वेटरची घडी घालून तो परत गठ्ठ्यावर ठेवला.

शाळेत मावशीची मुलगी आली होती, येडगावहून, आईचं काम बघायला म्हणून मुद्दाम. बाईंनी स्वेटर तिच्या हातात दिला. "तुझ्याच हातानं घाल एखाद्या मुलीला." तिनं तो उलटा केला, सुलटा केला, बाह्या चाचपल्या.

"ह्यो आईचा न्हाई."

"लोकर तिचीच आहे गं, सगळीच्या सगळी."

"लोकर दुकानातली असती, बाई." ती भांडली नाही, आवाजही चढवला नाही. "एका बाहीचाच आणायचा व्हता."

बाई तिथेच पायरीवर बसल्या. मुलगीच पुढे झाली आणि तिनं तो एका चिमुरडीला घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली. अगदी मापात बसला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, सरांनी फोटो काढला.

तो फोटो अजून आमच्या मंडळाच्या ग्रुपवर आहे. पोरं ओळीनं उभी आहेत आणि त्यांच्या अंगावर आमच्या प्रत्येकीचा स्वेटर आहे. मावशीचा नाही.