काकांचं होल्ड

"होल्ड! अबे, होल्ड!" शेजारचे काका असे ओरडले की सेक्टरभरच्या स्कूटरी जागच्या जागी थांबल्या असाव्यात. आईच्या लग्नातलं आरशाचं कपाट जिन्यात मावेना, म्हणून गच्चीला कप्पी बांधून आम्ही चौघं खालून दोर ओढत होतो.

काका भिलाईच्या स्टील प्लांटात क्रेनला इशारे द्यायचे. रिटायर होताना इंग्रजीतलं हे एकच क्रियापद त्यांनी घरी आणलं. उतू जाणारं दूध होल्ड, नवराबायकोचं भांडण होल्ड, उठू पाहणारा पाहुणा होल्ड. म्हणजे चहा घेतल्याशिवाय सुटका नाही.

कपाटाचे झोके थांबले, तरी काकांचा हात खाली येईना; नजर आरशावरच. दोरावर कपाट हळूहळू फिरत होतं. आरशात गुलमोहर आला, मग प्लांटची धुराडी, मग नुसतं आभाळ. अख्खं भिलाई आमच्या डोक्यावरून तरंगत गेलं. आमचे हात इतके ताणले गेले की शर्टाच्या बाह्या आखूड झाल्या.

"भाऊजी, आरसा फुटून जाईन ना!" आई रडकुंडीला आली. तेव्हा कुठे काकांनी 'ओढा'च्या इशाऱ्याचं बोट वर केलं.

कपाट सुखरूप चढल्यावर मी विचारलं, "काका, एवढा वेळ होल्ड कावून?"

"प्लांटातल्या लोडले आरसा नव्हता."