बाहुलीला दिलेला चेहरा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. मग तुम्हालाच का? लपवायचाच कंटाळा आलाय, म्हणून.

एक्क्याण्णव साल. देशाचं सोनं परदेशात गहाण गेलं होतं, आणि आता परदेशी माल दारात उभा होता. सगळं तंजावूर धास्तावलेलं — आपलं काय होणार? राजवाड्यामागच्या गल्लीत मुरुगेसनचा छापखाना होता. त्याच्या पत्रकांसाठी मी व्यंगचित्रं काढत असे, नाव न घालता; घरी सांगायचे, प्रुफं तपासायला जाते. इथं पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या मराठी घरातली लग्नाची मुलगी असलं काही काढत असेल, हे कुणाच्या मनात येणार?

देश म्हणून मी आमच्याकडची मातीची बाहुली काढली — जरा धक्का लागला की मान डोलावणारी. समोर कोटवाला गोरा, एक बोट तिच्या डोक्यावर. चित्र अस्सल होतं. ती भीतीही खरी होती. उद्या पुन्हा काढीन!

पण बाहुलीला चेहरा भावोजींचा — माझ्या अक्काच्या नवऱ्याचा — कशाला दिला?

त्यांनी घरचा गोळी सोड्याचा धंदा मोडून परदेशी पेयाची एजन्सी घेतली होती. हे निमित्त. खरं कारण — मला बघायला आलेल्या लोकांसमोर ते माझ्या चित्रांना हसले होते. एवढंच.

पत्रक बसस्टँडवर हातोहात गेलं. भावोजी रस्त्यानं निघाले की पोरंटोरं, म्हातारे, सगळे त्यांना मान डोलावून दाखवायचे. अक्कानं देवळात जाणं सोडलं.

एका दुपारी ते माझ्याकडे आले. "तू छापखान्यात जातेस ना? कुणी काढलं गं ते?"

विचारसुद्धा करावा लागला नाही मला. "मुरुगेसननं."

मुरुगेसन त्यांचा शाळेपासूनचा दोस्त. दोघांचं बोलणं तुटलं ते तुटलंच. मी काय सांगितलं ते त्याला कळलं होतं. मला एवढंच म्हणाला, "तुझं नाव सांगणार नाही म्हणालो होतो, अम्मा." आणि नाही सांगितलं — मरेपर्यंत. त्याची अंत्ययात्रा भावोजींच्या दारावरून गेली. ते आत बसून राहिले. मी ओट्यावर उभी होते. आत जाऊन त्यांना खरं सांगता आलं असतं.

घाबरले होते का? नाही. मला चित्रंही काढायची होती, आणि घरातली गुणी मुलगीही राहायचं होतं.

भावोजी आहेत अजून. रोज तमिळ पेपर वाचतात. घरात मराठी बोलतात, पण आमच्यातल्या बहुतेकांप्रमाणे त्यांना ही देवनागरी लिपी वाचता येत नाही.

म्हणून तर मी याच लिपीत लिहिलं.