दारात आडवा कठडा

आमच्या धाकट्यासारखा वेल्डर आसपासच्या पाच गल्ल्यांत नाही. घरचा म्हणून कौतुक नाही हे, गिऱ्हाईकंच सांगतात. शिकला मोठ्या भावाच्या हाताखाली. सांगायची गरज नाही, पण सांगून ठेवलेलं बरं.

चर्चच्या पायऱ्या चढताना आईचे गुडघे बोलायला लागले, तेव्हा त्याने लोखंडी कठडा केला. मजुरी नको, पाटीवर नाव नको, देवाला अर्पण. रविवारी उपासना झाली की बसवायचा, असं ठरलं. आणि पाळकसाहेबांनी वाचायला नेमका तोच उतारा काढला: अर्पण घेऊन आलास आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव. आधी जा, समेट कर.

सगळ्यांनी आमेन म्हटलं. धाकटा उठला, बाहेर गेला, कोपऱ्यातला कठडा दारात आडवा टाकला आणि चालायला लागला.

आई मागोमाग दारात आली. "अरे, लोक बाहेर पडणार कुठून?"

"तिथंच ठेव, असं सांगितलंय, आई."

"तिथंच म्हणजे दारात का रे, शहाण्या?"

तेही त्याला नीट कळलं नव्हतं. त्याला आठवला होता काचवाला. धाकट्याच्या वर्कशॉपला लागूनच त्याचं दुकान. वर्षभर तो धाकट्याशी एक शब्द बोलला नव्हता. का, ते देव जाणे. आपला राग असता तर गिळता आला असता, दुसऱ्याच्या पोटातला कसा गिळायचा? बरं, काचवाला चर्चला येणारा नाही, मग तो भाऊ धरायचा की नाही? चूक माहीत नसताना माफी मागितली, तर ती देवासमोर थाप होईल का? दोनदा तो परत फिरला. पण सकाळी त्याने देवावरच्या प्रेमाचं गाणं सगळ्यांत मोठ्याने गायलं होतं, आणि गाताना काही पाय झिजत नाहीत. म्हणून पुन्हा निघाला.

काचवाला दुकानात एकटाच मोठी काच उचलायला बघत होता.

"माझं काही चुकलंय का?" धाकट्याने उंबऱ्यावरूनच विचारलं.

"तुझं? छे! तू तर देवमाणूस."

"मग बोलत का नाहीस?"

"बोलतोय की. ते टोक धर."

त्याने टोक धरलं. दोघांनी काच भिंतीशी नेली. माफी झाली की व्हायचीय, काही पत्ता लागेना. काच टेकवताना मागचा जुना आरसा दिसला. माणूसभर उंच, आणि त्यावर तपकिरी बारीक ठिपके, माशी बसल्यासारखे. धाकट्याने नखाने एक खरवडला. निघाला नाही. लोखंडाची ठिणगी काचेत रुतली की तशीच राहते. त्याच्याच ग्राइंडरची ठिणगी. मधे पडदा लावायला तो कधीतरी विसरला होता.

"हे माझ्यामुळं?"

काचवाल्याने फडकं घेतलं आणि नव्या काचेवरचे बोटांचे ठसे पुसले.

"सांगायचं होतंस रे!"

"तुला दिसायला हवं होतं. हा दारात होता तेव्हा रोज याच्यासमोरून केस सारखे करत जायचास."

धाकट्याला भरून आलं, हसूही आलं. "चुकलो," तो म्हणाला. आता थाप नव्हती. पण काचवाल्याने "बरं" म्हटलं नाही, "जा" म्हटलं नाही. कुलूप लावलं आणि त्याच्यापुढे चालू पडला. कुठं, तेही सांगेना.

चर्चच्या दारात कठडा तसाच. पाळकसाहेब झगा वर धरून तो ओलांडत होते, आई आतून सूचना देत होती. काचवाल्याने वाकून एक टोक उचललं, दुसरं धाकट्याने. पायरीवर उभा करून काचवाल्याने एक डोळा मिटला.

"वाकडा आहे."

आमच्या धाकट्याचं काम आणि वाकडं! दुसरं कोणी असतं तर त्याने ऐकून घेतलं नसतं. हा टोमणा की समेट, त्याला अजून सांगता येत नाही.

"कुठं?" त्याने विचारलं. "दाखव."